ख्रुश्चित्सी: वाटेवरचे क्रूस आणि पाचवीचा वर्ग

मागच्या व्याख्यानात आपण सोर्ब लोकांची ओळख करून घेतली. पूर्व जर्मनीच्या लुसाशिया भागातला हा छोटा स्लाव्ह समाज, अंदाजे साठ हजारांचा. आज आपण त्यांच्या एकाच गावात जाऊ.

बाउत्झेन आणि कामेन्झ या शहरांच्या मधे हे गाव आहे. वेशीवरच्या पाटीवर दोन नावं दिसतात: जर्मन क्रोस्टविट्झ आणि सोर्बी ख्रुश्चित्सी. लिखित उल्लेख 1225 सालचा, म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा. पंचक्रोशीत मिळून वस्ती जेमतेम हजारभर.

आता प्रश्न असा, की चहूबाजूंनी जर्मन असताना इथे सोर्बी टिकली कशी? त्याचं एक उत्तर शेजारच्या मठात आहे. 1248 साली स्थापन झालेला सांक्ट मारीनश्टेर्न हा जोगिणींचा मठ. धर्मसुधारणेच्या काळात सॅक्सनी प्रॉटेस्टंट झालं, पण मठाच्या ताब्यातली गावं कॅथलिक राहिली. त्यांच्यासाठी सोर्बी पाद्री तयार होत ते प्रागच्या सेमिनरीत. म्हणजे धर्माची सीमा हीच भाषेचं कुंपण ठरली.

याच्या खुणा गावात पावलोपावली आहेत. अठराव्या शतकातलं बरोक चर्च, वाटेवाटेवर उभे क्रूस, त्यांवरचा सोर्बी मजकूर. ईस्टरच्या रविवारी काळे कोट आणि उंच टोप्या घातलेले पुरुष घोड्यांवर बसून, सोर्बी भजनं गात शेजारच्या पान्चित्सी-कुकोव्हला जातात.

गावाजवळ एक युद्धस्मारकही आहे. एप्रिल 1945 मधल्या बाउत्झेनच्या लढाईत पडलेल्या पोलिश सैनिकांचं. नाझींनी 1937 मध्ये डोमोविना या सोर्ब संघटनेवर बंदी घातली, पाद्री आणि शिक्षक सोर्ब भागाबाहेर पाठवले. जर्मनीने शरणागती पत्करली 8 मे 1945 ला, आणि 10 मे रोजी याच गावात डोमोविना पुन्हा उभी राहिली. दोन दिवसांत! म्हणजे दडपलेलं सगळं आतून जिवंतच होतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. 1948 मध्ये सोर्बांच्या हक्कांचा कायदा झाला. सॅक्सनीच्या 1992 च्या राज्यघटनेने भाषा आणि शाळा जपण्याचा हक्क दिला. आणि 2001 मध्ये सरकारने सांगितलं, की इथल्या माध्यमिक शाळेत पाचवीचा वर्ग भरणार नाही. कारण? मुलं फक्त सतरा, नियमाला कमी. पालक हटले नाहीत. त्यांनी मुलं शाळेतच पाठवली आणि निवृत्त शिक्षकांनी काही आठवडे त्यांना शिकवलं. जर्मनीभर चर्चा झाली. तरी 2003 मध्ये ती शाळा बंद झाली.

इथे आपण थोडं थांबून विचार करू. बंदी घालणारा शत्रू समोर दिसतो, त्याच्याशी लढता येतं. पटसंख्येचा नियम कुणाचाच द्वेष करत नाही. तो सगळ्यांना सारखा लागू होतो, आणि नेमकं तेच लहान भाषेला जड जातं. बहुसंख्यांच्या मुलाला गावची शाळा गेली तर दूरची सापडते, आणि तिथेही भाषा तीच असते. सोर्बी मुलाला तशी खात्री नसते.

चर्च, क्रूस, स्मारक आजही जागेवर आहेत. त्यांची डागडुजी गवंडी करतील. त्यांवरचा मजकूर वाचणारी मुलं मात्र वर्गातच घडतात, आणि तो वर्ग सतरा मुलांचा असला तरी भरवावा लागतो.

पुढच्या वेळी आपण बाउत्झेन शहरात भेटू.