सावित्रीकाठचे मिस्त्री

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी, एक तवेरा आणि त्यांतली माणसं पुरात गेली. या दुर्घटनेवर तेव्हा खूप लिहिलं गेलं. त्यातली एक गोष्ट मात्र लोक विसरत चालले आहेत. पूल पडल्याचं सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणारा एक मेकॅनिक होता. पुलावर शिरलेल्या गाडीचे दिवे पलीकडे निघालेच नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. तो आणि त्याचे सोबती भर पावसात रस्त्यावर धावले, मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या आणि पोलिसांना कळवलं.

याच पुलाची त्या वर्षी मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. हे सरकारनेच नंतर सांगितलं. म्हणजे कागदावर पूल ठीक होता. तो पडल्याचं कळलं ते दिवा दिसेनासा झाल्याचं टिपणाऱ्या माणसाला. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, गाड्यांतलं मला फारसं कळत नाही. पण माझे मामू पोलादपूरला आयुष्यभर गॅरेज चालवत आले आहेत. त्यामुळे ‘तपासणी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न आमच्या घरात नेहमीचा आहे.

आज हायवेवर गाड्यांची रांग तुटत नाही, पण पूर्वी महाडला यायचं तर पाण्याची वाट मोठी होती. डिसेंबर १९२७च्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने निघाले, दासगावच्या बंदरात उतरले आणि तिथून पाचेक मैल चालत महाडला आले. मोटारी तेव्हाही होत्या. पण मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकलाच तर पायी पोचता यावं, असा हिशेब दासगाव निवडण्यामागे होता. परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. हे आमच्या पोरांना पुस्तकात सापडत नाही, म्हणून जाता जाता सांगितलं. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, सावित्रीवर तो दगडी पूल उभा राहिला. गाड्या वाढल्या तशी गाड्या बघणारी माणसंही वाढली.

पोलादपूर हे दोन घाटांच्या पायथ्याचं गाव. दक्षिणेला खेडकडे जाणारा कशेडी, पूर्वेला महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी. घाट चढण्याआधीचा शेवटचा थांबा तोच, आणि उतरल्यावरचा पहिलाही. मामू शागीर्द म्हणून लागले तेव्हा रस्त्यावर फियाट आणि अँबेसेडर होत्या. उन्हाळ्यात चढणीवर फियाट मधेच बंद पडायची. इंजिनच्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरला इंधन मिळायचं नाही. इलाज काय, तर पंपावर ओलं फडकं. रेडिएटर उकळला की नवखा ड्रायव्हर घाईने झाकण फिरवायचा आणि हात भाजून घ्यायचा. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उसळून बाहेर येतं. मामू सांगायचे, आधी गाडी सावलीत लाव, चहा पी, मग झाकणाला हात लाव.

उतारावर भीती वेगळी. सतत पाय दाबून ठेवला की ब्रेकचं लायनिंग तापतं, जळका वास येतो आणि मग कितीही दाबलं तरी गाडी धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा धडा प्रत्येक ड्रायव्हरला मिळायचा. तापलेल्या ड्रमवर कुणी बादलीने पाणी ओतू लागला की मामू भडकायचे. बीडाचा ड्रम तडकतो.

मामूंची तपासणी पाना हातात घेण्याआधी सुरू होते. गाडी रात्रभर जिथे उभी होती ती जमीन आधी बघायची. काळा डाग इंजिन ऑइलचा, हिरवट डाग कूलंटचा, नुसतं स्वच्छ पाणी एसीचं असेल तर सोडून द्यायचं. मग ऑइलची काडी काढायची, पुसायची, परत बुडवून बघायची. ऑइल बोटांत चोळून बघायचं, त्याचा वास घ्यायचा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल-डिझेल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. गरम इंजिनही पांढरा धूर सोडत राहिलं तर हेड गॅसकेटवर संशय. बेअरिंगचा आवाज ऐकायला स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला. हकीम नब्ज बघतो तसंच हे. मराठीतला दुरुस्ती हा शब्द फारसी ‘दुरुस्त’वरून आला, मिस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला, आणि उस्ताद-शागीर्द तर आमचेच. हे ज्ञान वहीत कुणी लिहिलं नाही. १९७३नंतर आखातात तेलाचा पैसा आला, तेव्हा आमच्या भागातली कितीतरी पोरं याच ज्ञानावर तिकडे गेली.

मामूंचा मुलगा आयटीआय करून आला तो स्कॅनर घेऊनच. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, सेन्सर आले, गाडीत कॉम्प्युटर आला. आता स्कॅनरशिवाय भागत नाही, हे मामूही मानतात. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मीही नाही. स्कॅनर कोड देतो, म्हणजे कुठल्या सर्किटने तक्रार केली ते सांगतो. सेन्सर म्हणतो हवा जास्त आहे. ती तडकलेल्या पाइपमधून येतेय की आणखी कुठून, हे वाकून बघावंच लागतं.

२२ जुलै २०२१ला महाड बुडालं, तेव्हा सगळ्यांचेच यंत्र मुके झाले. माझी गाडी छपरापर्यंत पाण्यात होती. फोन बंद, वीज बंद. तिसऱ्या दिवशी मामू चिखल तुडवत आले. सलाम झाल्यावर पहिला प्रश्न, “चावी कुठे आहे?”

“मामू, ती चिखलात हरवली. तुम्ही बसा तरी.”

“अल्लाहचे शुक्र मान.”

शहाणपण माझं नव्हतं, चावी खरंच हरवली होती. शेजारच्या सरांना त्यांची सापडली होती आणि त्यांनी ती फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मामूंनी माझ्या गाडीची बॅटरी सोडवली, स्पार्क प्लग काढले आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. प्लगच्या भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडालं. ऑइल दोनदा बदललं. इंजिन वाचलं. वायरिंग आणि कॉम्प्युटर मात्र गेले, ते मामूंच्या हातातलं नव्हतं.

शेजारच्या सरांकडे विम्याचा सर्व्हेअर आला. त्याने विचारलं, पाणी ओसरल्यावर चावी फिरवली होती का? सरांनी खरं सांगितलं. इंजिनचा खर्च नामंजूर झाला. बुडालेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला, तर त्यातून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पॉलिसीच्या कागदांत ते लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं पूर बघणाऱ्या या गावात ते मोठ्याने सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आता दर जूनमध्ये मी वर्गातल्या मुलांना सांगतो, घरी जाऊन अब्बांना, बाबांना सांगा.

सप्टेंबर २०२३मध्ये कशेडीच्या बोगद्याची एक बाजू गणपतीसाठी उघडली. दोनेक किलोमीटरचा बोगदा, वळणं नाहीत, चढ नाही. गाड्या तापत नाहीत आणि पोलादपूरला थांबतही नाहीत. मामूंकडे आता बरेचदा पंक्चर येतं, नाहीतर आंबेनळीकडे निघालेले पर्यटक.

गेल्या मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं होतं. हवा भरायची होती, बस्स. मामेभावाने सहज स्कॅनर लावला, एकही कोड नाही. मामू काठी टेकत गाडीभोवती फिरले, मागच्या चाकापाशी खाली बसले आणि टायरच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यांनी ते अंगठ्यावर घासून वास घेतला आणि ड्रायव्हिंग सीटवरच्या माणसापुढे धरलं. ब्रेक ऑइल होतं. टाकीतली पातळी अजून खाली गेली नव्हती, म्हणून डॅशबोर्डवर दिवाही लागला नव्हता.

“साहेब, कुठे निघालात?”

“महाबळेश्वरला.”

“मग उतरा खाली. चहा मागवतो.”