स्वयंप्रतिकार रोग: कारणे आणि जोखमीचे घटक

रोगजंतूंचा प्रतिकार करणारी यंत्रणा स्वतःच्याच शरीरातील पेशींवर हल्ला करू लागली की जे विकार उद्भवतात, त्यांना स्वयंप्रतिकार किंवा ऑटोइम्यून रोग म्हणतात. आमवात (ऱ्हुमॅटॉइड संधिवात), ल्युपस, टाइप-१ मधुमेह, सोरायसिस आणि कोड हे त्यांपैकी परिचित विकार होत. हे रोग संसर्गजन्य नाहीत, तसेच बहुतेकांचे कोणतेही एकच कारण सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील पाहणी

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये सांधेविकारांची घरोघरी पाहणी सुरू झाली. सुमारे चार हजार प्रौढांच्या या पाहणीत ०.५ टक्के, म्हणजे दर दोनशे व्यक्तींमागे एकाला आमवात आढळला. हे विकार केवळ शहरी राहणीमानाचे नाहीत, हे त्यावरून स्पष्ट झाले.

आनुवंशिकता

एचएलए गटातील काही जनुकांमुळे रोगाची शक्यता वाढते. मात्र एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात असल्यास दुसऱ्यालाही तो होण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्केच आढळले आहे. म्हणजेच आनुवंशिकतेने केवळ प्रवृत्ती येते, रोग अटळ ठरत नाही.

स्त्रियांना अधिक धोका

ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि हा रोग बहुधा प्रजननक्षम वयात सुरू होतो. संप्रेरके आणि एक्स गुणसूत्र यांचा यात वाटा असल्याचे मानले जाते.

संसर्ग आणि परिसर

काही जंतूंची रचना शरीरातील घटकांशी मिळतीजुळती असल्याने प्रतिकारयंत्रणेची गफलत होते. मुलांच्या घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गावर वेळीच उपचार न झाल्यास ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. भारतात हा धोका आजही आहे आणि पेनिसिलिनने तो टाळता येतो. एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसची शक्यता सुमारे ३२ पट वाढते, असे अमेरिकी सैनिकांच्या २०२२ मधील अभ्यासात दिसले.

धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो. दगडखाणीतील सिलिकायुक्त धूळ आणि क्वचित काही औषधेही कारणीभूत ठरतात.

नियंत्रण का सुटते?

प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या 'नियामक टी' पेशींशी निगडित शोधांसाठी शिमॉन साकागुची, मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी दुबळ्या पडल्यास स्वकीयांवरील हल्ला थोपवला जात नाही.

काय करता येईल?

जनुके बदलता येत नाहीत, परंतु तंबाखू सोडणे, धुळीपासून संरक्षण आणि मुलांच्या घसादुखीवर वेळीच उपचार हे हाती आहे. सकाळी तासाहून अधिक काळ सांधे आखडणे आणि त्यांवर सूज येणे, ही लक्षणे काही आठवडे टिकल्यास ती वयामुळे किंवा थंडीमुळे असल्याचे समजून दुर्लक्षू नयेत. लवकर निदान झाल्यास सांध्यांची झीज बरीचशी रोखता येते.