परदेशातून येणाऱ्या कुरियरवर सीमाशुल्क किती? आगाऊ अंदाज कसा बांधावा

शिरगाव, मये, डिचोली, पेडणे या भागातील अनेक घरांचे नाते आज आखाताशी, इंग्लंडशी किंवा पोर्तुगालशी जुळलेले आहे. वैशाखात लईराईच्या जत्रेला ज्यांना गावी येणे जमत नाही, ते घरच्यांसाठी एखादे पार्सल धाडतात. पार्सल दारात येते तेव्हा सोबत काही हजारांचे देयकही येते आणि ‘भेटवस्तूवर कर कसला?’ असा प्रश्न उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर पाठवण्यापूर्वीच शोधले, तर मनस्ताप टळतो.

प्रथम भेटवस्तूचा गैरसमज दूर करू. पूर्वी ठरावीक मूल्यापर्यंतच्या भेटी शुल्कमुक्त येत असत. डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने ही वाट बंद केली. आता भेट म्हणून शुल्कमाफी राहिली आहे ती राखी आणि जीवरक्षक औषधे यांनाच. राखीसोबत ठेवलेली भेटसुद्धा त्यात बसत नाही. विमानाने येणाऱ्या प्रवाशाला सामानावर मिळणारी सवलत ही वेगळी बाब असून तिचा कुरियरशी संबंध नाही. ‘भेट, किंमत शून्य’ असे बीजकावर लिहिल्याने तर काहीच साधत नाही. अविश्वसनीय वाटलेली किंमत नाकारून स्वतः मूल्य ठरवण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्याला मूल्यांकन नियमांनी दिला आहे. किंमत मुद्दाम कमी दाखवल्याचे सिद्ध झाल्यास वस्तू जप्त होऊ शकते व दंडही बसतो.

कर वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर ‘निर्धारणयोग्य मूल्या’वर लागतो. अंदाज चुकतो तो बहुधा येथेच. किंमत, भारतापर्यंतचे वाहतूक भाडे आणि विमा यांची बेरीज म्हणजे हे मूल्य. २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार हवाई भाडे कितीही मोठे असले तरी वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक धरले जात नाही. भाड्याचा आकडा उपलब्धच नसेल, तर २० टक्के धरतात. विम्याचा नसेल, तर १.१२५ टक्के. परकीय चलनाचे रुपयांत रूपांतर बँकेच्या त्या दिवसाच्या दराने होत नाही. त्यासाठी सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला विनिमय दरच वापरला जातो.

या मूल्यावर तीन आकारण्या एकीवर एक चढतात. पहिले मूळ सीमाशुल्क. दुसरा समाजकल्याण अधिभार. तो सर्वसाधारणपणे मूळ शुल्काच्या १० टक्के असतो, मूल्याच्या नव्हे. तिसरा एकात्मिक वस्तू व सेवा कर, जो मूल्य, मूळ शुल्क आणि अधिभार या तिन्हींच्या बेरजेवर लागतो.

उदाहरण घेऊ. वस्तू १०,००० रुपयांची, कुरियर भाडे १,८०० रुपये, विमा काढलेला नाही. भाडे २० टक्क्यांच्या मर्यादेत असल्याने पूर्ण धरले जाईल आणि विम्याचे ११२.५० रुपये मिळवले जातील. मूल्य झाले ११,९१२.५० रुपये. मूळ शुल्काचा दर १० टक्के मानल्यास १,१९१.२५ रुपये आणि त्यावर अधिभार ११९.१३ रुपये. बेरीज सुमारे १३,२२३ रुपये. त्यावर १८ टक्क्यांनी एकात्मिक कर सुमारे २,३८० रुपये. एकूण भरणा सुमारे ३,६९० रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या जवळजवळ ३७ टक्के. केवळ १० आणि १८ यांची बेरीज करून २,८०० रुपयांची तयारी ठेवणाऱ्याला जवळपास नऊशे रुपये कमी पडतात.

यातील १० टक्के हा दर हिशेब समजण्यासाठी घेतला आहे. प्रत्यक्ष दर वस्तूच्या वर्गीकरणावर ठरतो. वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा हवाई मार्गाने आलेल्या वस्तूंसाठी शुल्क दरपत्रकात ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. ते लागू होणार की वस्तूचे स्वतःचे शीर्षक, हे कुरियर कंपनीला आधीच विचारावे, कारण त्यावर रकमेत मोठा फरक पडतो. अर्थसंकल्पात दर बदलतात. गेल्या वर्षीचे देयक समोर ठेवून यंदाचा हिशेब करू नये. वस्तू व सेवा कराचे टप्पेही २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले असून बहुतेक वस्तू आता ५ किंवा १८ टक्क्यांत येतात. छापील पुस्तकांवर हा कर नाही.

देयकात आणखी एक ओळ असते: कंपनीचे हाताळणी किंवा आगाऊ भरणा शुल्क. हा सरकारी कर नव्हे. तो प्रत्येक कंपनीचा निराळा असतो आणि लहान पार्सलवर कधीकधी करापेक्षाही जड पडतो.

सोडवणुकीसाठी स्वीकारणाऱ्याचे ओळखपत्र मागितले जाते. ते कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच चढवावे. येथेच भामट्यांचे फावते. ‘तुमचे पार्सल सीमाशुल्क खात्याने अडवले आहे, अमुक खात्यात पैसे भरा’ असा दूरध्वनी आला, तर तो ठेवून द्यावा. सीमाशुल्क अधिकारी खासगी बँक खात्यात किंवा यूपीआयवर पैसे मागत नाहीत. खात्याच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

उलट दिशेने, म्हणजे गावाहून परदेशी पाठवताना, नियम त्या त्या देशाचे. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतची आणि युरोपीय संघात ४५ युरोंपर्यंतची व्यक्तीने व्यक्तीला पाठवलेली भेट करमुक्त असते, मद्य व तंबाखूसारखे अपवाद वगळून. दुधाची मिठाई मात्र दोन्हीकडे अडते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली आहे.

आकारणी चुकीची वाटल्यास कंपनीकडून ‘कुरियर बिल ऑफ एंट्री’ची प्रत मागून घ्यावी. वर्गीकरण, मूल्य व दर या तिन्ही गोष्टी तीत नोंदलेल्या असतात. आदेश कळल्यापासून ६० दिवसांत सीमाशुल्क आयुक्तांकडे (अपील) दाद मागता येते.