मिळवती नायिका आणि शेवटचे पान

हलक्याफुलक्या प्रणयकादंबरीत नोकरी गमावलेली नायिका शेवटच्या पानापर्यंत बहुधा सावरते, आणि तिला सावरणारा बहुधा नायकच असतो. मराठीत या साच्याला छेद फार लवकर गेला होता. १९३३ साली ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला आणि वादळ उठले. चर्चा झाली ती लेखिकेच्या धीटपणाची; पण ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ हा तिचा प्रश्न आर्थिकही होता. मिळवत्या मुलीच्या पगारावर माहेर चालते, म्हणून तिचे स्वतःचे घर लांबणीवर पडते. इथे नोकरी जाणे नव्हे, तर नोकरी असणे हीच कोंडी आहे.

टोपणनावामागच्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालती बेडेकर, शिक्षिका होत्या. नंतर त्यांनी सोलापूरला तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केले. त्या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी आली. काम बदलले, तशी त्यांच्या लेखनाची कक्षा मध्यमवर्गाबाहेर गेली.

रंजक कादंबरीतील आशेला तुच्छ लेखू नये. मात्र नव्याने उभी राहिलेल्या नायिकेचा पगार अखेर कोणाच्या हाती पडतो, हे शेवटच्या पानावर जरूर तपासावे.