तापीकाठच्या तसबिरी

डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन उधळले गेले. टिळक व्यासपीठावर बोलायला उभे राहिले आणि काही केल्या मागे हटेनात. मंडपातून एक जोडा भिरभिरत आला, खुर्च्या उचलल्या गेल्या आणि जहाल-मवाळांची वाट वेगळी झाली. त्याच दिवसांतले जहाल पुढाऱ्यांचे एक समूहछायाचित्र पुढे प्रसिद्ध झाले. समोर दादासाहेब खापर्डे आणि अश्विनीकुमार दत्त बसले आहेत. मधल्या ओळीत अजित सिंह, अरविंद घोष, टिळक आणि सय्यद हैदर रझा आहेत, तर मागे उभ्या असलेल्यांत नागपूरचे डॉ. मुंजे दिसतात.

तीन ओळी म्हणजे कॅमेऱ्यापासून तीन वेगवेगळी अंतरे. अशा फोटोत पुढच्यापासून मागच्यापर्यंत सगळे चेहरे स्पष्ट यायचे, तर लेन्सचे तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, बारीक करावे लागते. अ‍ॅपर्चर बारीक केले की उजेड कमी पडतो. मग शटर जास्त वेळ उघडे ठेवायचे आणि तेवढा वेळ सगळ्यांनी हलायचे नाही. पोर्ट्रेट काढणारा प्रत्येक छायाचित्रकार उजेड, वेळ आणि स्पष्टतेची खोली यांची हीच सांगड घालत आला आहे. ८५ एमएमची लेन्स एफ/१.४ घ्यावी की एफ/१.८, आरशाचा डीएसएलआर ठेवावा की बिनआरशाचा मिररलेस घ्यावा, हे आजचे प्रश्नही त्यातूनच निघालेले आहेत.

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली, तेव्हा माणसाचा फोटो काढणे म्हणजे छळच होता. लेन्स इतकी मंद होती, की बसणाऱ्याला कित्येक मिनिटे निश्चल राहावे लागे. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये यावर तोड काढली. लेन्सची रचना त्यांनी आधी कागदावर गणिताने मांडली, आणि त्या किचकट आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज असलेले सैनिक त्यांच्या मदतीला देण्यात आले. फोइग्टलँडर कंपनीने बनवलेली ही लेन्स सुमारे एफ/३.६ ची होती आणि दागेरच्या लेन्सपेक्षा पंधरा-वीस पट अधिक उजेड आत घेई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. मधला चेहरा लख्ख यायचा आणि कडा हळूहळू विरघळत जायच्या. हा त्या रचनेचा दोष होता, पण चेहऱ्याला तो शोभला. आज लग्नाच्या अल्बममध्ये लोक हौसेने मागतात त्या धूसर पार्श्वभूमीचे मूळ तिथपर्यंत जाते.

आपल्याकडे ही कला लवकरच रुजली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे छायाचित्रकार बंधू नारायण दाजी हे दोघेही तिच्यात होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत पोर्ट्रेट स्टुडिओ थाटला.

सुरतेचा धागा मात्र एका रसायनशास्त्रज्ञाच्या हातून या कथेत येतो. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर १८६३ मध्ये सुरतेत जन्मले. कापडाच्या रंगांचे रसायन हा त्यांचा मुख्य विषय. चाफेकर बंधूंनी डांबर फासलेला मुंबईतला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा पुन्हा स्वच्छ करून दिल्याने त्यांचे नाव गाजले. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन निघाले, ते गज्जरांच्या पुढाकाराने. त्र्यंबकेश्वरचा एक तरुण तिथे शिकायला आला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

गज्जरांनी फाळक्यांना कलाभवनचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरू दिली. छपाईचे ठसे आणि अंधाऱ्या खोलीतले काम शिकण्यासाठी त्यांना रतलामला पाठवले. पुढे फाळक्यांनी गोध्र्यात फोटोचे दुकान टाकले. प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेले. गोध्रा सुटले. बडोद्यात परतून त्यांनी पुन्हा फोटोचा धंदा मांडला, पण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य घटवतो, अशी समजूत तिथे पसरली आणि तिने तो बुडवला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. तरी लेन्स सुटली नाही. १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. सुरतेच्या माणसाने उघडून दिलेल्या त्या अंधाऱ्या खोलीचा भारतीय सिनेमाच्या जन्मात मोठा वाटा आहे, आणि सुरतेने तो अभिमानाने सांगायला हवा.

त्याच १९१३ च्या डिसेंबरात सुरतेजवळच्या नवसारीत होमाई व्यारावाला जन्मल्या. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या पहिल्या भारतीय महिला वृत्तछायाचित्रकाराच्या हाती स्पीड ग्राफिक कॅमेरा असे, तसाच रोलायफ्लेक्सही. रोलायफ्लेक्समध्ये दोन लेन्स असतात. वरची बघायची, खालची फोटो घेणारी. त्यातला आरसा जागचा हलत नाही. एसएलआरने एकाच लेन्सवर दोन्ही कामे सोपवली. त्यासाठी आरसा हलता झाला आणि बटण दाबताच तो वर उचलला जाऊ लागला. १९५९ च्या निकॉन एफपासून डीएसएलआरपर्यंत हीच यंत्रणा टिकली.

मिररलेसने हा आरसाच काढून टाकला. आरशाला हलायला जागा लागे, म्हणून निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्स सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर दूर बसते. २०१८ च्या झेड माउंटमध्ये हे अंतर १६ मिलिमीटर झाले आणि माउंटचे तोंडही रुंद झाले. मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्स बनवणाऱ्यांना त्यामुळे मोकळीक मिळाली. निकॉनने एफ माउंटसाठी ८५ एमएम एफ/१.२ कधी काढली नाही, झेडसाठी ती २०२३ मध्ये काढली.

याहून मोठा फरक फोकसमध्ये पडला. ८५ एमएम लेन्स एफ/१.४ वर ठेवून दीड मीटरवरून चेहरा टिपला, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यात जेमतेम अडीच सेंटिमीटर खोली स्पष्ट येते. पापणी धारदार, कान धूसर. डीएसएलआरचा ऑटोफोकस आरशाखालच्या वेगळ्या सेन्सरवर चालतो. या सेन्सरकडे आणि मुख्य सेन्सरकडे जाणाऱ्या उजेडाच्या मार्गांत केसभर तफावत असली, तरी फोकस डोळ्याऐवजी नाकाच्या शेंड्यावर जातो आणि लेन्स कॅमेऱ्याशी जुळवून घ्यावी लागते. मिररलेस मुख्य सेन्सरवरच फोकस मोजतो आणि डोळा ओळखून त्याच्यामागे राहतो.

सुरतेच्या लिंबायत, उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्यांच्या लग्नात हळद, अंतरपाट, अक्षता या क्षणांना दुसरी संधी नसते. मंडपात एफ/२.८ वर १/५० सेकंद शटर मिळत असेल, तर एफ/१.४ वर १/२०० मिळते. अंतरपाट सरकताना नवरीच्या चेहऱ्यावर उमटलेले भाव टिपायचे असतील, तर तेवढा वेग लागतोच. एफ/१.८ ची लेन्स एफ/१.४ पेक्षा साधारण दोन तृतीयांश स्टॉपने मंद असते, पण वजनाला हलकी आणि बरीच स्वस्त असते. दिवसभर खांद्यावर कॅमेरा वागवणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

रिंग रोडवरच्या बाजारांसाठी साडीचे कॅटलॉग शूट करणाऱ्याचे गणित वेगळे. परगावचा व्यापारी फोटो पाहून माल मागवतो, तेव्हा त्याला पदर, काठ, निऱ्या सगळे स्पष्ट हवे असते. तिथे स्टुडिओ लाइट लावून एफ/८ वर काम चालते आणि एफ/१.४ चा काहीच उपयोग नसतो. खरी अडचण येते ती बारीक विणीची. सिंथेटिक कापडाचे धागे आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर चढली, की साडीवर नसलेल्या रंगीत लाटा फोटोत उमटतात. त्यांना मुआरे म्हणतात. कॅमेरा थोडा पुढे-मागे केला किंवा कोन बदलला, की त्या बहुतेक वेळा जातात. आरसा असो वा नसो, त्याने इथे काही बिघडत नाही.

डीएसएलआरची बाजूही लंगडी नाही. प्रमाणित चाचणीत निकॉन डी८५० एका बॅटरीवर १,८४० फोटो काढतो, तर २०१८ चा झेड६ सुमारे ३१०. लांबलचक लग्नात हा फरक खिशाला जाणवतो. पण वारे कुठल्या दिशेने वाहते आहे, ते स्पष्ट आहे. २०२० मधल्या निकॉन डी६ आणि कॅनन वन-डी एक्स मार्क थ्री यांच्यानंतर दोन्ही कंपन्यांनी आपले सर्वोच्च कॅमेरे मिररलेसच काढले.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने मिररलेस घ्यावा. ज्याच्याकडे चालता डीएसएलआर आणि फोकस नीट जुळवलेली ८५ एमएम आहे, त्याने कर्ज काढून तो बदलण्याची घाई करू नये. कॅटलॉगवाल्याने आधी चांगल्या लाइटवर खर्च करावा आणि लग्नवाल्याने आधी लेन्सवर. बॉडीचा विचार त्यानंतर.