वर्ल्डकप गाजवणाऱ्या दीप्तीला संघाने का सोडलं? खेळाडू ‘रिटेन’ करण्याचं गणित समजून घ्या

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदाच वनडे वर्ल्डकप जिंकला. दीप्ती शर्माने फायनलमध्ये ५८ धावा केल्या, ३९ धावांत ५ विकेट्स घेतल्या आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली.

त्याच आठवड्यात वूमेन्स प्रीमियर लीगच्या (डब्ल्यूपीएल) संघांनी कोणाला कायम ठेवलं, त्याच्या याद्या आल्या. यूपी वॉरियर्झच्या यादीत दीप्तीचं नावच नव्हतं! सोशल मीडियावर अनेकांनी कपाळाला हात लावला. पण या निर्णयामागे एक हिशेब होता. मित्रांच्या ग्रुपमध्ये फुटबॉलची फँटसी लीग खेळणाऱ्यांनाही दर सीझनला हाच हिशेब करावा लागतो.

नियम काय होते?

डब्ल्यूपीएल २०२६ च्या मेगा लिलावासाठी प्रत्येक संघाकडे १५ कोटी रुपये होते. जास्तीत जास्त ५ खेळाडू ठेवता येणार होत्या. त्यात भारताकडून खेळलेल्या ३, परदेशी २ आणि भारताकडून न खेळलेल्या २, अशा मर्यादा होत्या. रिटेन केलेल्या खेळाडूंचे दर असे ठरले होते:

- पहिली खेळाडू : ३.५ कोटी
- दुसरी : २.५ कोटी
- तिसरी : १.७५ कोटी
- चौथी : १ कोटी
- पाचवी : ५० लाख

म्हणजे पाच जणी ठेवल्या की ९.२५ कोटी गेले. उरलेल्या ५.७५ कोटींत बाकी सगळा संघ उभा करायचा.

यूपीने काय केलं?

यूपीने फक्त श्वेता सेहरावतला ५० लाखांत ठेवलं आणि १४.५ कोटी घेऊन लिलावात उतरले. कमी खेळाडू ठेवल्यामुळे त्यांना ४ ‘राइट टू मॅच’ म्हणजे आरटीएम कार्ड मिळाली. आपल्या जुन्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली, तर तेवढेच पैसे देऊन तिला परत घेण्याचा हा हक्क.

लिलावात दीप्तीवर दिल्लीने ५० लाखांची बोली लावली. पुढे कोणीच बोललं नाही. यूपीने कार्ड काढलं. मात्र नियमानुसार अशा वेळी समोरच्या संघाला आणखी एकदा बोली वाढवता येते. दिल्लीने थेट ३.२ कोटी सांगितले आणि यूपीने तेवढे मोजून दीप्तीला परत घेतलं. सोफी एकलस्टोनही अशीच ८५ लाखांत परत आली.

दोघींना आधीच ठेवलं असतं, तर पहिल्या दोन दरांप्रमाणे ६ कोटी गेले असते. प्रत्यक्षात लागले ४.०५ कोटी. वाचले १.९५ कोटी.

मग सगळेच असं का करत नाहीत?

कारण यात धोका आहे. ५० लाखांचे ३.२ कोटी एका फटक्यात झाले. दिल्लीने आणखी ताणलं असतं, तर यूपीला जास्त पैसे मोजावे लागले असते किंवा दीप्तीवर पाणी सोडावं लागलं असतं.

मुंबई इंडियन्सने उलटा मार्ग धरला. नॅट सिव्हर-ब्रंट, हरमनप्रीत कौर, हेली मॅथ्यूज, अमनजोत कौर आणि जी. कमलिनी या पाच जणींना ठेवून दोनदा जिंकलेल्या संघाचा गाभा टिकवला. पण परदेशी खेळाडूंची मर्यादा भरल्यामुळे अमेलिया करला सोडावं लागलं. पाच जणी ठेवल्याने आरटीएम कार्डही नव्हतं. तिला परत घ्यायला ३ कोटी लागले, म्हणजे उरलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त.

हेच गणित फँटसी फुटबॉलमध्ये कसं लावायचं?

मित्रांच्या ‘कीपर’ लीगमध्ये गेल्या सीझनचे दोन-तीन खेळाडू ठेवता येतात. इथे पहिली चूक होते ती सगळ्यात मोठं नाव ठेवण्याची. त्याऐवजी ही वजाबाकी करा:

आज लिलावात जी किंमत येईल ती – ठेवण्याची किंमत = फायदा

समजा, तुमच्याकडे १०० पॉइंट्स आहेत. एक स्टार स्ट्रायकर ४५ ला ठेवता येतो आणि लिलावात ४८ ला जाईल. फायदा ३. एक तरुण मिडफिल्डर ६ ला ठेवता येतो आणि आता त्याला २० मिळतील. फायदा १४. आधी मिडफिल्डर ठेवा.

फायदा सारखाच असेल, तर हे बघा:

- जागा : भरपूर गोल करणारे मोजकेच असतात. बरा गोलकीपर मात्र नंतरही स्वस्तात मिळतो.
- मिनिटं : तो सुरुवातीच्या अकरांत असतो का? पेनल्टी कोण मारतं?
- बदली : तो दुसऱ्या देशातल्या लीगमध्ये गेला, तर तुमच्यासाठी शून्य.
- मित्र : ग्रुपमध्ये कोणाचा कट्टर चाहता आहे? तो ‘आपल्या’ क्लबच्या खेळाडूसाठी बोली वाढवणारच.

फँटसी प्रीमियर लीग (एफपीएल) खेळत असाल, तर तिथे हा प्रश्न दर आठवड्याला येतो. मोफत ट्रान्सफर संपल्यावर प्रत्येक जादा बदलाला ४ गुण कापले जातात. शिवाय किंमत वाढलेला खेळाडू विकला, तर वाढीचा अर्धाच भाग हातात येतो. ६.० ला घेतलेला खेळाडू ६.४ झाला, तर विकताना ६.२ मिळतात आणि परत घ्यायला पूर्ण ६.४ लागतात. म्हणून एका वाईट सामन्यावरून चांगला खेळाडू काढू नका.

पैसे लावून खेळता येतं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. त्यानंतर ड्रीम११ सारख्या कंपन्यांनी पैसे लावायच्या स्पर्धा बंद केल्या. एफपीएलसारखे मोफत खेळ सुरू आहेत.

थोडक्यात : यादी करताना प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहा, ठेवण्याची किंमत आणि बाजारातली किंमत. ज्याच्याशिवाय तुमचा संघ उभाच राहू शकत नाही, त्याच्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील. बाकीच्यांच्या बाबतीत आकड्यांचं ऐका.