वेडेवाकडे दात : ऑर्थोडॉन्टिक उपचार

दातांची दाटी, त्यांतील फटी, पुढे आलेले वा आडवे उगवलेले दात आणि वरच्या-खालच्या दातांची चुकलेली जुळणी हे दोष दुरुस्त करणाऱ्या दंतवैद्यकाच्या शाखेस ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. जबडा लहान व दात मोठे असणे, दुधाचे दात अकाली पडणे, अंगठा चोखण्याची दीर्घकाळची सवय आणि आनुवंशिकता ही प्रमुख कारणे होत. अमेरिकेतील एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये पहिल्या कायमच्या दाढेच्या स्थानावरून या दोषांचे तीन वर्ग पाडले. निदानात ते आजही वापरले जातात.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो. दातावर हलका, सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते, ताणाच्या बाजूस नवे हाड तयार होते आणि दात सरकतो. हा वेग महिन्याला साधारण एक मिलिमीटर असतो. जोर वाढवून तो वाढवता येत नाही; उलट अतिदाबाने दाताचे मूळच झिजू शकते. त्यामुळेच उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात.

सर्वाधिक प्रचलित उपाय तारांचा. प्रत्येक दातावर ब्रॅकेट चिकटवून त्याच्या खाचेत तार बसवतात. सुरुवातीची निकेल-टायटॅनियमची तार वाकवली तरी मूळ आकारात परतू पाहते व दातांना सोबत ओढते. पुढे जाड, कडक तारा वापरतात. तार बदलल्यानंतर दोन-तीन दिवस दात ठणकतात आणि पोळी चावणेही अवघड वाटते. दातांच्या रंगाची सिरॅमिक ब्रॅकेट कमी उठून दिसतात, पण महाग व ठिसूळ असतात. दातांच्या आतून लावलेल्या तारा बाहेरून दिसत नाहीत. मात्र त्या जिभेला बोचतात आणि काही दिवस उच्चार बिघडवतात.

पारदर्शक अलाइनर 1990 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. संगणकावर आखलेल्या क्रमाने हे प्लास्टिकचे साचे एक-दोन आठवड्यांनी बदलतात. ते जेवताना काढता येतात, ही मोठी सोय. पण दिवसातले 20 ते 22 तास घातले नाहीत तर दात सरकत नाहीत. सौम्य दाटी व फटींसाठी ते उत्तम आहेत. गोल सुळे फिरवणे किंवा दात खाली ओढणे त्यांना जड जाते. क्ष-किरण तपासणी न करता, केवळ घरी घेतलेल्या ठशावरून अलाइनर मागवणे धोक्याचे आहे. हिरड्यांचा छुपा आजार असल्यास दात हलू लागतात.

जागा फारच अपुरी असल्यास उपदाढा काढाव्या लागतात. त्यामुळे डोळे अधू होतात ही समजूत निराधार आहे. मुलांच्या बाबतीत वाढीचाच उपयोग करून घेता येतो. अरुंद वरचा जबडा रुंदावण्यासाठी टाळूला स्क्रू असलेले साधन बसवतात आणि पालक घरीच किल्लीने तो थोडा-थोडा फिरवतात. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. घरचे घाबरतात, परंतु टाळूचा सांधा उघडत असल्याची ती खूण असते आणि फट पुढे बुजते. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी काढता-घालता येणारी साधने ऐन वाढीच्या वयात देतात. म्हणून पहिली तपासणी सातव्या वर्षाच्या सुमारास व्हावी. वाढ थांबल्यावर जबड्यांतील मोठी तफावत तारांनी भरून निघत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. केवळ दात सरळ करण्यास मात्र वयाची अट नाही, हिरड्या व हाड निरोगी हवे.

तारा असताना चिक्की, ऊस, कडक लाडू टाळावेत. ब्रॅकेटभोवती अन्न साचू दिल्यास तारा काढल्यावर दातांवर पांढरे डाग दिसतात.

तारा निघाल्यावरही तंतू दाताला जुन्या जागी ओढत राहतात. यासाठी रिटेनर देतात : काढता येणारी पट्टी अथवा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. उपचाराचा हाच टप्पा सर्वाधिक दुर्लक्षिला जातो. पहिले काही महिने जवळजवळ दिवसभर आणि नंतर अनेक वर्षे रात्री रिटेनर वापरावा लागतो.